तिघांपुरता तंबू

१

आमच्याकडे तंबू झोपून निवडतात.

दुकानात जायच्या आधी अंगणात दोरीचा गोल मांडायचा. मधोमध शेगडीच्या जागी बादली पालथी घालायची, दाराची खूण म्हणून फावडं रोवायचं आणि जितकी माणसं जाणार तितक्यांनी जाड कपड्यांसकट बर्फात आडवं व्हायचं. पाय बादलीकडे, डोकं दोरीकडे. टाच बादलीला टेकली किंवा टोपी दोरीबाहेर गेली, तर तंबू लहान. किती माणसं मावतील याच्या, दुकानाच्या पुस्तकात छापलेल्या आकड्यावर आमच्या गावात कुणी विश्वास ठेवत नाही. का ठेवत नाही, हे मात्र कुणी सांगत नाही. न सांगणं हा इथल्या म्हाताऱ्यांचा एकमेव उद्योग आहे.

यंदा ही पाळी आमच्यावर आली, कारण हिर्वास तळ्याकाठची आमची लाकडी खोपटी गेल्या वसंतात बर्फाच्या ओझ्यानं बसली. बाबा आणि तैस्तोकाका दर जानेवारीत त्या तळ्यात बर्फाखाली जाळी लावतात. मला कळायला लागल्यापासून त्यांचा एक हिवाळा चुकलेला नाही. यंदा तिसरी मी. ओउलूच्या कॉलेजातलं इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून मी शरदात घरी आले, तर माझ्या खोलीत बाबानं जाळी टांगून ठेवली होती. मी आल्यावरही ती काढली नाहीत. चार महिने मी माशांच्या वासाखाली झोपतेय. आई म्हणते, दमलीय ती. बाबा काहीच म्हणत नाही. काका म्हणतो, "पूल बांधायला गेली आणि नदी बघून परत आली."

तर त्या दिवशी, दुपारच्या निळ्या उजेडात, आम्ही तिघं अंगणात उताणे पडलो होतो. जानेवारीत आमच्याकडे, इतक्या उत्तरेला, सूर्य येत नाही. दुपारी थोडा वेळ आकाश निळसर होतं, तेवढाच दिवस.

"पाय आखड," काका म्हणाला.

"माझे पाय एवढेच आहेत काका. तुझं पोट आखड."

"मोठी दोरी घ्या. हा गोल लहान आहे."

"तिघांना पुरतोय की," मी म्हणाले. "बाबा, तुझं डोकं आत आहे ना?"

"आहे," बाबा म्हणाला. दिवसभरातला त्याचा बहुधा तो दुसरा शब्द.

आम्ही उठलो. बर्फात झोपलेलं माणूस उठतं तेव्हा खूण राहते: आधी कोपर रुततं, मग गुडघा, मग तळहात. आमचे तिन्ही खळगे तसेच होते, कडा मोडलेले, ओबडधोबड. मी दोरी गुंडाळायला वाकले आणि चौथा दिसला.

तो दोरीच्या बाहेर होता. फावड्याच्या, म्हणजे दाराच्या, अगदी लगत. लांब, अरुंद, हात अंगाशी घट्ट धरून झोपलेल्या माणसाच्या मापाचा. कडा सुरीनं कापल्यासारख्या. कोपर नाही, गुडघा नाही. त्याच्याकडे जाणारं पाऊल नव्हतं. तिथून उठल्याची खूणही नव्हती.

"हा कुणाचा?"

बाबा बादली उचलून घराकडे निघाला होता. काकानं बघितलं. त्यानं फावडं उपटलं आणि तो खळगा बुजवायला लागला, घाईघाईनं, कुणाच्या तरी अंगावर पांघरूण घालावं तसा.

"वारा आहे," तो म्हणाला.

"वाऱ्यानं बर्फ उडतो काका. माणसाच्या मापानं कापला जात नाही."

"इथला वारा तुला काय माहीत? तू ओउलूला होतीस."

मी विचार केला. आधीच्या बर्फात काहीतरी पडलं असेल, स्की, फळी, शेजारच्यांचा कुत्रा. कुत्रा हात अंगाशी धरून झोपत नाही, हेही मनात आलं. पण थंडी होती, कॉफी गरम होती, मी आत गेले.

२

सोदान्क्युलाच्या दुकानात मायरेबाईंनी दोन्ही तंबू गोदामात उभे करून ठेवले होते. दोन्ही एकाच घडणीचे: मध्ये एक खांब, भोवती शंकूसारखं कापड, टोकाला धूर आणि वाफ जायला झडपा. एक लहान, एक मोठा.

मायरेबाई साठीच्या, आवाज सबंध गोदामभर. आर्मास आणि तैस्तो या दोघा भावांना शाळेपासून ओळखणाऱ्या.

"नायलॉनचा नको," त्या म्हणाल्या. "शेगडीची एक ठिणगी उडाली की भोक. वर आतून इतकं पाणी सुटतं की सकाळी तुमच्याच श्वासाचा पाऊस तुमच्याच अंगावर. हे कापूसमिश्र घ्या. जड आहे, पण श्वास बाहेर सोडतं. खाली ही झालर बघा. तिच्यावर बर्फ ओढायचा, म्हणजे खालून वारा येत नाही. धुराड्याच्या भोकाला न जळणारं कापड आहे. आणि हे यंत्र डोक्याजवळ टांगायचं, शेगडीचा विषारी वायू साठला तर कोकलेल. कळलं ना आर्मास? का नुसता खांबाकडे बघतोयस?"

"कळलं," बाबा म्हणाला.

मी लहान तंबूत शिरले, पावलांनी व्यास मोजला, शेगडीची जागा, दारातली लाकडांची जागा. दोन वर्षांच्या शिक्षणाचा हा पहिला उपयोग होता. "हा घेऊ. हवा कमी, म्हणजे लवकर तापेल. लाकूड निम्म्यात भागेल. वजनही कमी."

"मोठा घ्यायचा," काका दारातून म्हणाला. तो आत आलाच नाही.

"कशाला? नाचायचंय का तुला?"

"यावर किती लिहिलंय?" त्यानं मायरेबाईंना विचारलं.

"चार. पण ते नुसत्या अंथरुणाच्या पिशव्या मोजून छापतात रे. शेगडी कुठे मोजतात? शेगडी मांडली की एक माणूस गेलं समज. चार लिहिलंय म्हणजे तीन."

काकाचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. तोंडात काहीतरी कडू आलं आणि थुंकायला जागा नाही, असा.

"आता सांगतेस," तो म्हणाला.

"आता म्हणजे? हे कायमचंच आहे."

"चाळीस वर्षांपूर्वी लिहायला पाहिजे होतं. मोठ्या अक्षरात."

मायरेबाई एकदम गप्प झाल्या. त्या गप्प होऊ शकतात हेच मला माहीत नव्हतं. त्या बाबाकडे बघत होत्या, बाबा खांबाकडे. तिघांनीही तोंडात मिठाची गुळणी धरलेली, आणि मध्ये मी. हे मला नवं नाही. आमच्या घरातलं प्रत्येक जेवण असंच होतं.

"आपण तीन आहोत," मी म्हणाले. "तंबू तिघांचा आहे. यात अवघड काय आहे? आणि काका, तुला दाटी वाटली तर तू सामानाच्या घसरगाडीत झोप बाहेर."

"हेल्का!"

बाबा ओरडला होता. कॉलेज सोडल्याचं सांगितलं तेव्हासुद्धा तो ओरडला नव्हता; तेव्हा त्यानं फक्त भाकरी कापणं थांबवलं होतं. मायरेबाईंनी उगाचच झालर झटकली.

थोड्या वेळानं बाबा हळू म्हणाला, "पोर म्हणतेय ते बरोबर आहे. तिघंच आहोत. लहान बांधून दे."

"मोजून बघ," काका म्हणाला, आणि बाहेर गाडीत जाऊन बसला.

मी जिंकले होते. परतीच्या वाटेवर मांडीवर तंबूची पिशवी घेऊन मी शीळ घालत होते. या घरात माझं म्हणणं पहिल्यांदाच कुणीतरी ऐकलं होतं.

३

बर्फावरच्या स्कूटरमागे घसरगाडी जोडून आम्ही तळ्याकाठी पोचलो. स्कीनं बर्फ तुडवला, तो घट्ट होऊ दिला, मग खांब उभा केला. मेखा बर्फात धरत नाहीत म्हणून दोऱ्या काटक्यांना बांधून काटक्या पुरल्या. झालरीवर बर्फ ओढला. शेगडीखाली ओले ओंडके टाकले. बाबाचे हात बघण्यासारखे चालतात; बोलला नाही तर माणूस चांगला आहे, आणि तो बोलत नाहीच. शेगडी पेटली तशी अर्ध्या तासात आम्ही अंगावरचे कोट काढले. बाहेर कुऱ्हाडीचं पातं उघड्या हातानं धरलं तर कातडी सोलून निघेल एवढी थंडी, आत भट्टी.

जागा अगदी मोजून. डावीकडे बाबा, मागे काका, दाराच्या उजव्या अंगाला मी. दाराच्या दुसऱ्या अंगाला लाकडं. शेगडी पेटलेली असताना एकानं जागं राहायचं, हा नियम. सैन्यातून आलेला म्हणतात, पण आमच्याकडे बायकापोरांनाही ठाऊक आहे. पुढच्याला उठवायचं तर त्याच्या पायाचा अंगठा दाबायचा, आणि तो तोंडानं "उठलो" म्हणत नाही तोवर आपण आडवं व्हायचं नाही. बाहेर जायचं असेल तरीही तसंच.

रेनडिअरची कातडी अंथरली तेव्हा मला दिसलं की काकानं चार आणलीत. तीन आत आली. चौथं त्यानं बाहेर, दाराशेजारच्या घसरगाडीत पसरलं, नीट, कडा दुमडून.

"ते कशाला?"

"लाकडं ओली होऊ नयेत म्हणून."

लाकडं आत होती. गाडीत होती फक्त कुऱ्हाड. कुऱ्हाडीला ऊब लागते हे मला ओउलूत शिकवलं नव्हतं.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. म्हणजे मला असं म्हणता येईल. जाळी लावली, वाटाण्याचं सूप प्यायलो, काकानं कॉफीत चीज बुडवून खाल्लं आणि मिशीतून ते ओघळू दिलं. मी पहाऱ्यावर बसले. शेगडीचा पत्रा तापताना टकटक करतो, लाकडातला ओलावा शीळ घालतो. या आवाजांची सवय होते. सवय झाल्यावर जे उरतं ते ऐकू येतं.

माझ्या उजव्या खांद्याशी, कापडाच्या पलीकडे, कुणीतरी श्वास घेत होतं.

आधी वाटलं, काका घोरतोय आणि आवाज फिरून येतोय. गोल तंबूत आवाज फिरतो, त्याला कारण आहे, मी ते परीक्षेत लिहिलं होतं. मी काकाच्या नाकाशी कान नेला. त्याचा श्वास जड होता, तुटक. बाहेरचा सावकाश होता, तरुण होता. श्वास तरुण असतो का? मला तसा वाटला. मी बोट टेकवलं, तर कापड आत आलं, बोटाला भेटायला आल्यासारखं, आणि पुन्हा मागे गेलं.

वायूच्या यंत्राकडे बघितलं. हिरवा दिवा. मी झडप आणखी उघडली, गालावर गार हवा घेतली, सतराचा पाढा मनात म्हटला. डोकं ठिकाणावर होतं.

"बाबा." मी त्याचा अंगठा दाबला.

"उठलो."

"बाहेर काहीतरी आहे."

त्यानं ऐकलं. त्याला ऐकू येत होतं, हे त्याच्या डोळ्यांवरून मला कळलं. उत्तर काकाच्या अंथरुणातून आलं, कूससुद्धा न बदलता:

"वारा आहे. झोप."

टोकाच्या उघड्या झडपेतून वर बघितलं तर धुराड्याचा धूर काठीसारखा सरळ उभा होता.

सकाळी अंधारातच मी दिवा घेऊन बाहेर गेले. माणूस तंबूत झोपलं की त्याच्या तोंडासमोर कापडाला आतून दव चिकटतं आणि गोठतं. थाळीएवढा पांढरा गोल होतो. माझ्या डोक्याशी तसा गोल आतून होता. त्याच्याच शेजारी, गुडघाभर उंचीवर, घसरगाडीत कुणी निजलं तर जिथे तोंड येईल तिथे, दुसरा गोल होता. बाहेरून.

४

जाळी ओढताना विचारलं. बर्फातल्या भोकापाशी काका गुडघ्यांवर बसला होता, बाबा दोर खेचत होता, मासे वर येऊन एक उसळी मारत आणि जागच्या जागी गोठत होते. आकाश निळं झालं होतं.

"काका, तंबूच्या बाहेरच्या बाजूला कुणाचा श्वास गोठलाय?"

"वारा."

"वारा श्वास घेतो?"

"घेतो."

"माझ्याशी असं बोलू नकोस. मी लहान नाही."

"कॉलेज सोडून घरी येणारं माणूस किती मोठं असतं?"

मी हातातला मासा बर्फावर आपटला. बाबानं दोर थांबवला.

"सांग तिला, तैस्तो."

"तू सांग. थोरला तू."

भोकातलं पाणी डोळ्यांदेखत साय धरत होतं. बाबा बोलला तो पाण्याकडे बघून.

"उन्तो."

उन्तो म्हणजे या दोघांचा धाकटा भाऊ. घरात त्याचा एक फोटो आहे, दात दाखवून हसणारा पोरगा. तो फुप्फुसाच्या आजारानं गेला, असं मला सांगितलेलं.

"इथे गेला," बाबा म्हणाला. "आम्ही चौघं आलो होतो. तुझे आजोबा आणि आम्ही तिघं. तंबू नवा होता. पुस्तकात वाचून मागवलेला. चार लिहिलं होतं."

"शेगडी मांडल्यावर कळलं," काका म्हणाला. "अंथरूण मोजलं, पाय मोजायचे राहिले."

"मग?"

"काड्या काढल्या. आखूड त्याला आली. हसत गेला. गाडीत कातडं घालून झोपला, दाराशीच."

"आणि तुम्ही तिघं आत."

"वारा सुटला," काका म्हणाला. "कापड वाजत होतं. बाप म्हणाला, कोण आहे? मी म्हणालो, वारा आहे."

"वारा नव्हता सुटला, तैस्तो," बाबा म्हणाला.

एवढंच. चाळीस वर्षांत त्यानं भावाचं बोलणं पहिल्यांदा खोडून काढलं असेल. काकानं हातमोज्यानं मिशीवरचा बर्फ पुसला आणि भोकात हात घालून पुढचा मासा सोडवायला लागला. म्हणजे झालं, सांगून झालं, कामाला लागा.

माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. ते दोघं चाळीस वर्षं त्याच तळ्यातले मासे खात होते. त्याच काठावर खोपटी बांधली, आत चार बाजा घातल्या, एक रिकामी ठेवली, त्या बाजेवर मी लहानपणी उड्या मारल्यात आणि कुणी काही बोललं नाही. यांना वाटतं, गोष्ट बोलली नाही की ती घडलीच नाही. डोळ्यांवर कातडं ओढायचं. बाहेर कुणी मेलं तर वारा, घरात कुणी रडलं तर दमलीय.

"त्यानं किती वेळ कापड बडवलं?" मी विचारलं. "किती वेळ, काका?"

"पोरी, पुरे."

"आणि आता त्याला कातडं अंथरता! आता! लाज वाटत नाही?"

मी तंबूकडे चालत सुटले. मागून बाबा हाक मारत होता. मी गाडीसमोर उभी राहिले. कातडं नीट होतं, कडा दुमडलेल्या, वर बर्फाचा कणही नाही. सगळ्या झाडांवर, दोऱ्यांवर, कुऱ्हाडीवर दहिवर होतं. कातड्यावर नव्हतं.

"ऐकतोयस ना?" मी ओरडले. "ये मग आत! माझी जागा घे! मला नकोच आहे ती, या दोघांच्या मध्ये!"

काका धापा टाकत येऊन पोचला होता. त्याचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला.

"शब्द मागे घे."

"का?" मी म्हणाले. "वारा आहे ना?"

"हेल्का, बाळा, मागे घे." मला बाळा म्हणणारा काका मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. त्यानं माझी बाही धरली होती. मी ती सोडवली. खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती. पहिल्यांदाच तो घाबरला होता आणि मी नाही.

मी शब्द मागे घेतला नाही.

५

जेवलो. गंजात शिजलेला मासा, राय धान्याची भाकरी. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. बाबा म्हणाला, जाळी काढून उद्या उजाडलं की निघू. उजाडणं म्हणजे काय ते आम्हाला माहीत होतं, तरी बरं वाटलं. काका भिंतीकडे तोंड करून पडला. बाबाही डोळे मिटून होता. दुपारच होती, पण निळा उजेड कधीच विझला होता.

राग उतरत गेला तसं मला बरंच काही वाटायला लागलं. त्या दोघांचे पाय शेगडीकडे होते, जुन्या लोकरीचे मोजे, दोघांचेही टाचेला रफू केलेले, आणि दोन्ही रफू बाबाच्या हातचे. जाळं विणायची गाठ तीच. मी माझ्या जागेकडे बघितलं. कातडं, पिशवी, उशाला गुंडाळलेला कोट. एवढीशी जागा, पण जगात तेवढी एकच जागा होती जिथे मी आलेली कुणाला अडचण वाटत नव्हती; उलट माझ्या मापानं ती मोजून घेतली होती. आत असलेली लाकडं संपत आली होती. बाहेर, झाडांकडेला, आम्ही कालच ढीग रचला होता. दहा-बारा पावलं असतील.

कोट न घालता, नुसत्या सदऱ्यावरच मी बाबाचे बूट पायात चढवले. काकाचा अंगठा दाबला.

"उठलो," तो म्हणाला.

"लाकडं आणते. तुझा पहारा."

"हं. चेन लाव जाताना."

जाताना मी गाडीकडे बघितलं नाही. मुद्दाम नाही. मी ढिगापाशी गेले, हातावर लाकडं रचली, आणि आवाज ऐकला. कापडी दाराची चेन. वर जाणारी, मग खाली येणारी. सावकाश, नीट, घरच्या माणसानं लावावी तशी.

मी वळले.

आत कंदील होता, त्यामुळे तंबू आतून पिवळा उजळला होता, आणि आतलं सगळं सावलीनं कापडावर उमटत होतं. खांब. शेगडी. धुराडं. डावीकडे आडवा बाबा. मागे काकाचं पोट. आणि दाराच्या उजव्या अंगाला, माझ्या जागेवर, कुणीतरी वाकून बसलं होतं. शेगडीकडे हात पसरून. हात खूप वेळ पसरलेले राहिले. मग ती सावली पुढे सरकली आणि तिनं एका पायाचा अंगठा दाबला.

"उठलो, उठलो," काकाचा झोपाळू आवाज आला. "आणलीस लाकडं?"

उत्तर मला ऐकू आलं नाही. पण उत्तर मिळालं असावं, कारण बाबा म्हणाला, "दार नीट लावलंस ना? गारठा शिरला बघ." आणि मग, हळू, जे माझ्यासमोर तो कधीच म्हणाला नव्हता ते, "बरं झालं तू आलीस."

लाकडं हातून पडली. मी धावले. चेनची पट्टी बाहेरच्या बाजूला असते. मी तंबू निवडताना ती स्वतः ओढून बघितली होती. ती हाताला लागली नाही. कापड दगडासारखं गोठलेलं, नखं घसरत होती. मी मुठींनी बडवलं. "बाबा! मी बाहेर आहे! बाबा! ती मी नाही!"

सावल्यांपैकी एकीनं मान वर केली. बाबाची.

"कोण आहे?" तो म्हणाला.

मी ओरडत होते. माझाच आवाज माझ्या कानांना बारीक लागत होता, फटीतून यावा तसा.

"वारा आहे," काका म्हणाला. आणि शेगडीशी बसलेल्या त्या सावलीकडे वळून, प्रेमानं: "झोप, पोरी. मी जागा आहे."

माझ्या जागेवरची सावली आडवी झाली. तिनं हात अंगाशी घट्ट धरले होते.

ओठ हलेनात. बोटांची टोकं गेली होती. स्कूटरची किल्ली बाबाच्या खिशात, कोट उशाशी. अजून डोकं चालत होतं, ते मला नीट आठवतंय, ते म्हणालं: कुऱ्हाड. कापड फाडायचं. कुऱ्हाड गाडीत आहे. मी गुडघ्यांवर सरकत गाडीपाशी गेले आणि अंधारात कुऱ्हाडीसाठी हात घातला.

हात कातड्यावर पडला. ते ऊबदार होतं, कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं.